बिनतारी संच घेण्याआधी त्यावरचा आकडा वाचा

वॉकीटॉकी हे नाव आता खेड्यात नवे राहिलेले नाही. पूर्वी ती पोलिसाच्या खांद्याला दिसायची, नाहीतर निवडणुकीच्या बंदोबस्ताला आलेल्या गाडीत. आता ती मळ्यात दिसू लागली आहे. कारणही उघड आहे. पंपाची लाइट रात्रीची येते, दारं धरायला माणूस एकटा जातो, ओढा ओलांडला की मोबाईलची रेंज जाते आणि उसात बिबट्याचा वावर असतो. घरात आई आणि घरधनीण जाग्याच असतात. दोन वाजता गेलेला माणूस चार वाजले तरी परतला नाही, तर त्याला विचारायचे कसे? अशा वेळी हातात बोलण्याचे साधन असावे असे कुणालाही वाटेल. ही गरज खरी आहे. पण ती भागवण्यासाठी आपण जी वस्तू विकत घेतो, ती घरात असणे हाच गुन्हा ठरू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मागच्या हंगामात ठिबकच्या पाहणीसाठी एका गावी गेलो होतो. काम आटोपल्यावर घरच्या तात्यांनी मोठ्या हौसेने कपाटातून एक जोडी काढून दाखवली. "साहेब, पोरानं घरबसल्या मोबाईलवरून मागवली. विहिरीवरून घरापर्यंत आवाज कसा खणखणीत येतो बघा." मी संच उलटा करून मागची चिठ्ठी वाचली. १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ, शक्ती पाच वॅट. मी विचारले, "तात्या, याचा परवाना घेतलाय का?" तात्या हसले. म्हणाले, "परवाना? ही काय बंदूक आहे का, साहेब?"

तात्यांचा प्रश्न गमतीचा होता, पण कायद्यापुरते बोलायचे तर ते नेमके ठिकाणावर आले होते. बंदूक झाडली नाही तरी बिनपरवाना बाळगता येत नाही. बिनतारी संचाचेही तसेच आहे. त्यावर एक शब्द बोलला नाही, तो कपाटात खोक्यातच पडून आहे, तरी तो 'बाळगला' असेच कायदा धरतो.

पोस्टातल्या पुस्तिकेपासून आजपर्यंत

आमच्या लहानपणी साधा रेडिओ ठेवायलाही परवाना लागत असे, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. पोस्टातून एक पुस्तिका मिळे आणि दरवर्षी पैसे भरून तिच्यावर शिक्का घ्यावा लागे. ती पुस्तिका वडीलधारी मंडळी सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ट्रंकेत जपून ठेवीत. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली आणि रेडिओ, टीव्ही मोकळे झाले. त्यामुळे लोकांचा असा समज झाला, की रेडिओचा परवाना हे प्रकरणच संपले. इथेच घोटाळा होतो. मोकळा झाला तो ऐकण्याचा रेडिओ. बोलण्याचा, म्हणजे लहरी बाहेर सोडणारा संच कधीच सरसकट मोकळा झाला नाही.

तारायंत्राचा कायदा १८८५ चा आणि बिनतारी यंत्राचा कायदा १९३३ चा. दोन्ही इंग्रजी अमलातले. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय जवळ ठेवायला मनाई केली. नुसत्या ऐकण्याच्या यंत्राला पहिल्या गुन्ह्यासाठी शंभर रुपयांपर्यंत दंड होता. लहरी सोडणाऱ्या यंत्राला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या दोन शिक्षांतले अंतर पाहिले म्हणजे बोलणारा संच सरकारला का खुपतो ते कळते. हे जुने कायदे काढून त्यांच्या जागी आणण्यासाठी संसदेने २०२३ साली दूरसंचार कायदा केला आणि २०२४ पासून तो भागाभागाने लागू करायला सुरुवात झाली. त्या कायद्यातही मूळ तत्त्व तेच ठेवले आहे. रेडिओ उपकरण बाळगायचे तर सरकारची अधिकृत मान्यता हवी, नाहीतर ते उपकरण सरकारने सूट दिलेल्या प्रकारातले हवे.

सरकार एवढे कडक का, असे पुष्कळजण विचारतात. लहरींचा पट्टा म्हणजे पाटाच्या पाण्यासारखा आहे. पाणी सर्वांचे, पण पाळी ठरलेली. एकाच वेळी चौघांनी दार फोडले तर शेवटच्या शेतापर्यंत थेंब पोहोचत नाही. पोलीस, अग्निशमन, विमाने, जहाजे, रेल्वे, सैन्य यांना आपापले पट्टे नेमून दिलेले आहेत. वर सांगितलेला १३६ ते १७४ चा संच घ्या. १३६ ते १३७ मेगाहर्ट्झ हा विमानांच्या बोलण्याच्या पट्ट्याचा शेवटचा भाग आहे. १५६.८ हा समुद्रातल्या जहाजांचा आणि बोटींचा संकटाचा चॅनेल, ज्याला चॅनेल १६ म्हणतात. खेळ म्हणून कुणी त्यावर बटण दाबून बसला, तर बुडणाऱ्या बोटीची हाक दाबली जाऊ शकते. आपल्या कोकणातल्या मच्छीमार कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

बिनपरवाना चालणारा संच कोणता?

आता कामाची गोष्ट. बिनतारी संच घेता येतच नाही, असे नाही. २०१८ साली केंद्र सरकारने कमी शक्तीच्या आणि थोड्या पल्ल्याच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम काढले. त्यांत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा आहे. या पट्ट्यातच चालणारी, कमी शक्तीची वॉकीटॉकी कुणालाही परवान्याशिवाय वापरता येते. त्यासाठी अर्ज नाही आणि वार्षिक पैसेही नाहीत. मात्र त्या संचाच्या नमुन्याला सरकारची उपकरण-मान्यता असावी लागते. तिला ईटीए म्हणतात. ती घेणे हे बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे काम. आपले काम एवढेच, की त्या मान्यतेचा क्रमांक दुकानदाराकडे मागायचा आणि पावतीवर लिहून घ्यायचा. दूरसंचार विभागाचे 'सरल संचार' नावाचे संकेतस्थळ आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल, तर त्यांना त्यावर बघायला सांगावे.

'त्या पट्ट्यातच' या शब्दांवर माझा भर आहे. तात्यांच्या मुलाने मला अगदी हुशारीने विचारले, "साहेब, हा संच पाहिजे त्या आकड्यावर लावता येतो. आम्ही तो ४४६ वर लावून ठेवतो. मग तर झालं?" नाही झाले. सूट आहे ती फक्त त्याच पट्ट्यात चालणाऱ्या संचाला. जो संच १३६ पासून ५२० पर्यंत कुठेही फिरवता येतो, तो आज ४४६ वर उभा केला म्हणून सुटीतला होत नाही. ट्रॅक्टर बैलाच्या चालीने चालवला म्हणून त्याला कुणी बैलगाडी म्हणणार नाही. शिवाय शक्तीचा प्रश्न आहेच. पाच वॅट हे या कमी शक्तीच्या संचांचे काम नव्हे.

दुसरी फसगत परदेशातून आलेल्या भेटींची होते. कुणाचा भाचा अमेरिकेत असतो. तो येताना मामाच्या मळ्यासाठी तिथल्या दुकानातली जोडी आणतो. खोक्यावर लिहिलेले असते, की परवान्याची गरज नाही. ते खरेच असते, पण अमेरिकेपुरते. तिथली घरगुती वॉकीटॉकी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालते. आपल्याकडे त्या आकड्यांना ही सूट नाही. युरोपातला ४४६ वाला संच आपल्या पट्ट्यात बसतो, तरी त्याच्या नमुन्याला इथली मान्यता आहे की नाही ते पाहावेच लागते. उपग्रहावरून बोलणाऱ्या किंवा निरोप पाठवणाऱ्या यंत्रांबाबत तर याहून कडक नियम आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे छोटे यंत्र जवळ सापडल्यामुळे परदेशी प्रवाशाला पोलीस कारवाईला तोंड द्यावे लागले. डोंगरात वाट चुकली तर उपयोगी पडावे, एवढ्यासाठीच असली यंत्रे लोक जवळ बाळगतात. हेतू चांगला असला तरी कायदा आधी परवाना विचारतो.

विकणाऱ्याने विकले म्हणून कायदेशीर होत नाही

तात्यांचे पुढचे म्हणणे असे, की एवढ्या मोठ्या कंपनीच्या मार्फत उघड विक्री होते, कुरिअरवाला दारात आणून देतो, पावती मिळते, मग यात बेकायदा काय? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये याच विक्रीवरून घरपोच माल विकणाऱ्या १३ बाजारपेठांना नोटिसा काढल्या. संच कोणत्या लहरींवर चालतो, त्याला परवाना लागतो की नाही, मान्यता आहे की नाही, यांतले काहीच न सांगता हजारो ठिकाणी माल मांडला होता, ही त्यामागची तक्रार. त्याच महिन्यात प्राधिकरणाने अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. लहरींचा पट्टा आणि मान्यतेची माहिती मांडणीत स्पष्ट दिली पाहिजे, असे त्यांत बजावले आहे. म्हणजे ज्या जाहिरातीत हा आकडाच दिलेला नाही, तिच्याकडे पाठ फिरवावी. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर आणि उगवणशक्तीची चिठ्ठी नसेल तर आपण पिशवी परत करतो ना? तीच सवय इथे लावावी.

चुकीचा संच आधीच घरात आला असेल तर काय करावे, हे मला पुष्कळांनी विचारले आहे. पहिले म्हणजे तो वापरणे त्याच दिवशी थांबवावे आणि बॅटरी काढून ठेवावी. पावती शोधून, परवान्याची गोष्ट लपवून माल विकला म्हणून विक्रेत्याकडे तो परत घेण्याची लेखी मागणी करावी. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. कमी किमतीत शेजाऱ्याला विकून मोकळे होऊ, हा विचार मात्र मनातही आणू नये. असे संच विकायलाही परवाना लागतो. एका गुन्ह्याचे दोन होतील, आणि शेजारी विनाकारण गोत्यात येईल तो वेगळाच. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले असेल तर गावातल्या कुणाच्या सल्ल्याने न चालता वकिलाला गाठावे.

"खेड्यात कोण पाहायला येतंय?" असेही म्हणणारे भेटतात. लहरी शिवारापाशी थांबत नाहीत. सरकारची बिनतारी देखरेख केंद्रे आहेत. मुंबई, नागपूर आणि गोवा इथेही ती आहेत. लहर कोणत्या दिशेने येते हे शोधण्याची यंत्रे त्यांच्याजवळ असतात. पोलिसांच्या किंवा वनखात्याच्या बोलण्यात कुणाचा आवाज घुसला, की शोध सुरू होतो. त्यातून गाव सरहद्दीचे, समुद्रकाठचे किंवा नक्षलग्रस्त भागातले असेल, तर चौकशी करणारा माणूस आधी शेतकरी म्हणून पाहत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे मच्छीमार बोट पळवून समुद्रमार्गे आले, हे तो विसरलेला नसतो.

थोड्या शक्तीचा संच मळ्यात कितपत चालतो?

इथे थोडे अनुभवाचे सांगतो. खोक्यावर पाच, आठ, कधी दहा किलोमीटर असे छापलेले असते. ते डोंगराच्या माथ्यावरून समोरच्या माथ्यावर बोलण्याचे माप समजावे. ४४६ च्या लहरी सरळ रेषेत जातात, आडवे काही आले की थकतात. मोकळ्या रानात, पीक गुडघ्याएवढे असताना, दीड-दोन किलोमीटरपर्यंत बोलणे नीट ऐकू येते. तेच रान उसाने भरले, वर पाऊस पडून पाने ओली असली, की अर्धा-पाऊण किलोमीटरवर आवाज तुटू लागतो. मध्ये टेकडी, दगडी वाडा किंवा पत्र्याचे शेड असेल तर विचारूच नका. तेव्हा संच घेण्याआधी विहीर ते घर हे अंतर आणि मधली आड याचा विचार करावा. जमले तर ज्याच्याकडे मान्यतेचा संच आहे त्याचा एक दिवस मागून आणावा आणि आपल्या शिवारात रात्री बोलून पाहावा.

वापरण्याची रीत सोपी आहे, पण घाईत चुकते. उसाच्या सरीत बसून बोलण्यापेक्षा बांधावर किंवा विहिरीच्या धक्क्यावर उभे राहावे. संचाचा दांडा उभा धरावा. बटण दाबून क्षणभर थांबावे आणि मग बोलावे, म्हणजे पहिला शब्द गिळला जात नाही. बोलून झाले की बटण सोडावे, कारण आपण दाबून बसलो तर दुसऱ्याचे ऐकूच येत नाही. घरच्या बायकांनीही हा संच हाताळून घ्यावा. एकीकडे गडी माणसाने शिकायचे आणि दुसरीकडे संच चुलीच्या फडताळावर गप्प पडून राहायचा, असे मी पाहिले आहे. रात्री पाळीला जाताना अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ ठरवावी. त्या वेळेला हाक आली नाही, तर घरातल्यांनी शेजारच्या दोघांना उठवून बॅटऱ्या घेऊन निघावे. संच आला म्हणून काठी, बॅटरी आणि जोडीदार यांना रजा देऊ नये.

आणखी एक सूचना. सुटीतला हा पट्टा सर्वांचा आहे, त्यावर कुणाचा हक्क नाही. नियमच असा, की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्यामुळे आपल्याला अडथळा झाला तर तक्रारही करायची नाही. त्यामुळे आपले बोलणे जवळपासचा कुणीही ऐकू शकतो. "घरी कुणी नाही", "आडतीचे पैसे कपाटात ठेवलेत", असली बोलणी त्यावर करू नयेत.

जास्त पल्ला हवा असेल तर

साखर कारखाना, मोठी दूध संस्था, मोठा पाणीवापर संघ यांना शिवारभर पोहोचणारी यंत्रणा हवी असते. त्यांच्यासाठी रीतसर परवान्याचा मार्ग आहे. दिल्लीच्या दूरसंचार विभागात बिनतारी लहरींचे नियोजन करणारी शाखा आहे, तिला डब्ल्यूपीसी म्हणतात. तिच्याकडे अर्ज करून लहरी नेमून घ्याव्या लागतात, त्यांचे वार्षिक शुल्क भरावे लागते, उंच खांब उभारायचा तर जागेची वेगळी मंजुरी लागते. नव्या कायद्याखालचे नियम येतील तसतसे अर्जाचे नमुने बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी चालू असलेला नमुनाच पाहावा. एकट्यादुकट्या बागाईतदाराला हा खर्च आणि खटाटोप झेपेल असे मला वाटत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाने तर त्या वाटेला जाऊच नये.

तरुण मुलांना या विषयाची खरीच गोडी असेल, तर त्यांच्यासाठी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा परवाना आहे. परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्यावर स्वतःचे हाकेचे नाव मिळते. आपल्या देशात ते व्ही-यू या अक्षरांनी सुरू होते. २००१ च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा या हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद या हॅम सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोहोचवण्याचे मोठे काम त्यांच्या संचाने केले. मात्र हा परवाना धंद्यासाठी नाही. मळ्यातल्या गड्याला मोटार बंद करायला सांगण्यासाठी तो वापरता येत नाही. ज्याच्याशी बोलायचे त्यालाही परवाना लागतो.

मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर हा यातला प्रकार नव्हे. त्यात सिमकार्ड असते आणि ते फोन कंपनीच्या जाळ्यावर चालते, म्हणून मान्यतेचा स्टार्टर बसवणाऱ्या शेतकऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. जिथे रेंज आहे तिथे वॉकीटॉकीपेक्षा तोच अधिक कामाचा, कारण नुसती मोटार बघायला रात्री बाहेर पडावे लागत नाही.

पण जिथे रेंज नाही तिथे लोक बूस्टर बसवतात. घरावर दांडा, आत एक डबी, आणि फोनवर सगळ्या रेघा. हा बूस्टर खाजगी माणसाने परस्पर बसवणे बेकायदा आहे. त्याने आपल्या घरात रेंज येते खरी, पण तो टॉवरकडे गोंगाट सोडतो आणि आसपासच्या चार वाड्यांचे फोन तुटू लागतात. अशा वेळी गावाने फोन कंपनीला शिव्या देण्याआधी आपल्याच आळीतली छपरे एकदा पाहून घ्यावीत. रेंज मुळातच नसेल, तर ग्रामसभेचा ठराव करून तो फोन कंपनीकडे आणि दूरसंचार विभागाकडे पाठवावा, आणि त्याची पोच ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी.